उचललेला पाय

कार्तिकी पौर्णिमा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. अँटवर्प शहराच्या दक्षिणेकडील विल्राइक या उपनगरात त्या संध्याकाळी थंड पावसाची झड लागली होती. युरोपातील नोव्हेंबर महिन्यात दुपारचे साडेचार-पाच वाजले की अंधार दाटू लागतो. शाळेतून परतलेली आठ वर्षांची एक मुलगी आपली सायकल ठेवण्यासाठी परसातील पत्र्याच्या खोपीत शिरली, आणि तेथे एका भिजलेल्या पोत्यावर तिला मांजराचे एक पिल्लू दिसले. ते ओरडतही नव्हते. शेजारच्या वृद्ध बाईंनी कुंपणापलीकडून सांगितले की, त्याची आई गेले आठ दिवस कोणाच्या दृष्टीस पडलेली नाही. मुलीने आपला लोकरी गळपट्टा काढला, पिल्लू त्यात गुंडाळले आणि ती सरळ घरात आली.

घर पालनपुरी श्वेतांबर कुटुंबाचे. मुंबईहून हिऱ्यांच्या व्यापारासाठी आलेल्या पिढीतील आजोबा आता नाहीत; आजी आहेत. घरात लहानथोर सारे त्यांना ‘बा’ म्हणतात. मुलीचे वडील हिऱ्याच्या बाजारात बसतात. आई फलटणची, धान्याची अडत असलेल्या मराठीभाषक दिगंबर घराण्यातली. नवकारशी, चौविहार, पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य, कंदमुळांना स्वयंपाकघरात प्रवेश नाही, असे ते घर. अशा घरात मांजर आले.

पहिली चूक दयेनेच झाली. मुलीच्या आईने वाटीत कोमट दूध आणून ठेवले. आपल्याकडे मांजर आणि दूध ही जोडी लहानपणच्या गोष्टींपासून मनात पक्की बसलेली असते. पिल्लाने दूध चाटले आणि रात्रभर त्याचे पोट बिघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्यांनी समजावले की, दूध सुटलेल्या बहुतेक मांजरांना गाईच्या दुधातील साखर पचत नाही. लहान पिल्लाच्या अंगातील पाणी जुलाबाने कमी झाले, तर ते एक-दोन दिवसांत दगावू शकते. जीवदया करणाऱ्याला प्रथम त्या जिवाचे ज्ञान हवे. ज्ञान आधी, दया नंतर, असा क्रम आपल्या आगमांनी सांगितला आहे. तो त्या वाटीभर दुधाने घरातील सर्वांना पुन्हा शिकवला.

वैद्यांनी पिल्लाचे दात पाहिले, डोळ्यांचा निळा रंग पालटू लागलेला पाहिला आणि वय सुमारे आठ आठवडे असल्याचे सांगितले. पिल्लू मादी होती. मग त्यांनी तिच्या मानेवरून एक छोटे यंत्र फिरवले. फ्लांडर्स प्रांतात १ नोव्हेंबर २०१७ पासून मांजरांना ओळखीची चिप बसवणे आणि त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप कातडीखाली असते आणि तिच्या क्रमांकावरून मालक सापडतो. या पिल्लाला चिप नव्हती. तरीही ते तेवढ्यावरून आपले ठरत नव्हते. सापडलेला प्राणी परस्पर घरात ठेवून घेण्याची तेथे मुभा नाही. नगरपालिकेला कळवावे लागते, आणि मालकाने शोध घेत यावे म्हणून ठरावीक दिवस वाट पाहावी लागते.

मुलीला हा नियम कठोर वाटला. बांना तो मुळीच कठोर वाटला नाही. “न दिलेली वस्तू घेऊ नये, हे आपले तिसरे व्रत आहे,” त्या म्हणाल्या. “कोणाचे तरी मूल रडत असेल, तर त्याचे मांजर आपण कसे ठेवायचे?” मुलीच्या वडिलांनी ते आपल्या धंद्याच्या भाषेत सांगितले, “तोपर्यंत ते आपल्याकडे जांगडवर आहे, असे समज.” हिऱ्याच्या बाजारात जांगडवर आलेला माल पसंतीसाठी हाती असतो, तो जपायचा पूर्ण, पण आपला म्हणायचा नाही. मुलीला हे नेमके कळले. तिने त्या दिवसांत पिल्लाला नावही ठेवले नाही.

मुदत संपली. मालक कोणी आला नाही. आणि ज्या प्रश्नाला सारे घर बगल देत होते, तो आता समोर येऊन उभा राहिला.

त्या मुदतीत पिल्लाचे खाणे पशुवैद्यांच्या दवाखान्यातून बंद डब्यातून येत असे आणि ते खोपीतच दिले जाई. ‘औषध आहे’ अशी सर्वांनी स्वतःची समजूत घातली होती. ते औषध नव्हते. मांजर हा निसर्गतःच मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा मिश्र आहारावर निभावतो, तसे मांजराचे नाही. टॉरीन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही, आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसते. ते कमी पडले तर डोळ्यांतील पडदा झिजून आंधळेपण येते, हृदयाचे स्नायू दुबळे होतात. गाजर-पालकातील पिवळ्या रंगद्रव्यापासून माणूस आपले ‘अ’ जीवनसत्त्व बनवतो. मांजराला तेही साधत नाही. वरण-भात आणि पोळी घालून मांजर वाढवणे म्हणजे त्याला संथपणे उपाशी ठेवणे होय.

मुलीच्या आईने विचारले, “मांसाशिवाय तयार केलेले मांजरांचे खाद्य इकडे मिळते ना?” वैद्यांनी प्रामाणिक उत्तर दिले. असे खाद्य मिळते. प्रयोगशाळेत तयार केलेले टॉरीन आणि जीवनसत्त्वे त्यात घातलेली असतात. काही प्रौढ मांजरे त्यावर राहतात. परंतु वैद्यांमध्ये त्याविषयी एकमत नाही, आणि वाढत्या पिल्लाला ते देण्याची जबाबदारी आपण घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. “ते एक वर्षाचे झाले की या. रक्त, लघवी, हृदय तपासू आणि मग ठरवू.”

म्हणजे दहा महिने. दहा महिने त्या घराच्या आवारात मांसाचे डबे येणार होते.

बा शांतपणे म्हणाल्या, “हे आपल्याला करता येणार नाही.” त्यांचे म्हणणे हट्टाचे नव्हते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत शेवटचे ‘असतीपोषण’ आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ उलगडताना ज्या प्राण्यांची नावे घेतली आहेत, त्यांत पोपट, कुत्रा, कोंबडा यांच्याबरोबर मांजरही आहे. शिवाय हिंसा केवळ स्वतः करण्याने होत नाही. दुसऱ्याकडून करविल्याने आणि तिला अनुमोदन दिल्यानेही होते. विकत घेतलेला डबा या तिहींपैकी कोठे बसतो, हे सांगायला पंडित लागत नाही.

तेव्हा सूनबाईंनी फलटणची एक आठवण सांगितली. त्यांच्या आजोबांच्या अडतीच्या दुकानात ज्वारी-बाजरीच्या पोत्यांना उंदीर फार. बाजारपेठेतील इतर दुकानांत मांजरे पाळलेली असत. आजोबांनी कधी पाळले नाही. पोती लाकडी फळ्यांवर उंच रचली, दाराच्या तळाला पत्रा ठोकला, भिंतीतील बिळे दरसाल चुन्याने बुजवली, आणि तरी जे नुकसान होई ते सोसले. “माझ्या नफ्यासाठी एकाने दुसऱ्याला मारावे, म्हणून मी त्याला पोसणार नाही,” असे ते म्हणत.

“पण बा,” सूनबाई पुढे म्हणाल्या, “हेमचंद्राचार्यांनीही तेथे द्रव्यासाठी केलेले पोषण म्हटले आहे ना? आजोबांनी मांजर नाकारले ते नफ्याचे. या पिल्लापासून आपल्याला काय मिळणार आहे? आपण ते आणायला गेलो नाही. आणि आता त्याला त्याचे अन्न दिले नाही, तर तो अन्नपाननिरोध होणार नाही का?”

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे भार लादणे आणि अन्नपाणी अडवणे. ज्यांच्या पदरी बैल, घोडे, गाई होत्या त्या गृहस्थांसाठी ही सावधगिरी होती. ज्याला आश्रय दिला, त्याचे पोट आपल्या हाती येते, हा तिचा आशय. बांनी ते ऐकून घेतले. त्यांनी सुनेचे म्हणणे खोडले नाही, मान्यही केले नाही.

दुसरा मार्ग उघडा होताच. शहरात प्राण्यांचे आश्रयगृह होते. तेथे पिल्लू सोपवता येत होते. बांनी सुचवले की, पिल्लू तेथे द्यावे आणि सोबत चांगली देणगी द्यावी. या सूचनेमागे मोठी परंपरा आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा शहरात दंगा उसळला आणि बाजार बंद पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेदजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लागा बसवून अशा संस्था चालवल्या. व्यापारी समाजाने जीवदयेला दिलेले हे संस्थात्मक रूप आहे, आणि आजही कोणत्याही जैन घरातून जीवदयेची रक्कम वेगळी काढली जाते.

“तिकडे त्याला काय खायला देतील?” मुलीने विचारले.

कोणी लगेच बोलले नाही. तेथेही तेच डबे असणार होते. कदाचित बांच्या देणगीतूनच विकत घेतलेले.

मुलीचे वडील हिशेबाचे माणूस. ते म्हणाले, “देऊन टाकण्यात चूक काहीच नाही. ज्या घराला हा प्रश्नच पडत नाही, अशा घरी ते सुखात राहील. तीही अनुकंपाच आहे. फक्त एक खोटी नोंद करायची नाही. पिल्लू दिले म्हणून हिंसा टळली, असे लिहायचे नाही. एका खात्यातली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात टाकली, म्हणजे तोटा नाहीसा होत नाही. तो फक्त आपल्या वहीत दिसेनासा होतो.”

निर्णय मात्र या युक्तिवादाने झाला नाही. तो झाला त्याच रात्री, झोपण्यापूर्वीच्या गोष्टीच्या वेळी. बा नातीला नेहमी एखादी धर्मकथा सांगत. त्या रात्री नातीनेच कथा मागितली: हत्ती आणि सशाची.

ज्ञाताधर्मकथेतील ही कथा जैन घरांत ठाऊक नाही असे मूल विरळा. वणव्यापासून बचाव व्हावा म्हणून एका हत्तीने रानात झाडझुडूप उपटून विस्तीर्ण मोकळी जागा केली होती. वणवा लागला तेव्हा वाघ, हरणे, कोल्हे, ससे, सारे वैर विसरून तेथे दाटीवाटीने उभे राहिले. अंग खाजवण्यासाठी हत्तीने एक पाय उचलला, तेवढ्यात त्या रिकाम्या जागी एक ससा येऊन बसला. हत्तीने खाली पाहिले आणि पाय तसाच अधांतरी ठेवला. अडीच दिवस. वणवा शमला, प्राणी पांगले, ससाही गेला. पण ताठरलेला पाय पुन्हा टेकता आला नाही, हत्ती कोसळला आणि त्याच वेदनेत त्याने देह सोडला. पुढल्या जन्मी तो श्रेणिक राजाचा पुत्र मेघकुमार झाला.

“बा, हत्तीने सशाला बोलावले होते का?”

“नाही.”

“मग तो ‘ही माझी जागा आहे’ असे का नाही म्हणाला?”

बांनी नातीच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले आणि दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी सामायिक आटोपून त्या खाली आल्या आणि सुनेला म्हणाल्या, “बेटा, खोपीत थंडी फार आहे. धुण्याच्या खोलीत जागा करा.”

मग त्यांनी चार गोष्टी ठरवून दिल्या. डबे स्वयंपाकघरात येणार नाहीत. त्यांची जागा, चमचा आणि ताटली धुण्याच्या खोलीतच राहील, आणि धुणेही तेथेच होईल. मांजर घराबाहेर मोकळे सोडायचे नाही, म्हणजे बागेतल्या पक्ष्यांना त्याची भीती राहणार नाही. दुसरे मांजर आणायचे नाही. आणि चौथी गोष्ट त्यांनी स्वतःपुरती सांगितली: जोपर्यंत ते डबे या घरात आहेत, तोपर्यंत त्यांना घी विगईचा त्याग.

मुलगा आणि सून दोघांनीही त्यांना विनवले. वय बहात्तर, बाहेर बर्फाची थंडी, आणि ताटात कोरडी पोळी. बा म्हणाल्या, “डबा आणू नका, असे मी म्हटले नाही. पण त्यात काही नाही, असेही मला म्हणवत नाही. काहीतरी माझ्या ताटातून गेले पाहिजे.” त्यानंतर या विषयावर घरात चर्चा झाली नाही. पिल्लाचे नाव मेघा ठेवले गेले. ते कोणी सुचवले, हे सांगण्याची गरज नाही.

फेब्रुवारीत दुसरा पेच आला. फ्लांडर्समध्ये घरातील मांजर पाच महिन्यांचे होण्यापूर्वी त्याची नसबंदी करणे कायद्याने आवश्यक आहे. पाच अतिचारांतील ‘छेद’ हा शब्द बांच्या मनातून जाईना. न मागितलेली शस्त्रक्रिया एका मुक्या जिवावर करायची, तीही निरोगी असताना. दुसरी बाजूही खरी होती. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते, गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, आणि वर्षाला दोन-तीन विणी सहज होतात. त्या खोपीतल्या ओल्या पोत्यावर हे पिल्लू ज्या मार्गाने आले, तोच तो मार्ग. तत्त्वार्थसूत्रकारांनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला प्रथम स्थान दिले आहे. बेफिकिरी, स्वार्थ आणि क्रोध यांतून झालेला घात ही हिंसा. येथे स्वार्थ नव्हता, क्रोध नव्हता. बेफिकिरी होऊ नये एवढे हाती होते, आणि तेवढे त्या कुटुंबाने केले. भूल, वेदनाशामक औषध, उबदार जागा, रात्रीची जाग यांत कोठेही काटकसर केली नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी बा माळ घेऊन बसल्या होत्या. “बरोबर केले की चूक, याचा निवाडा मला येत नाही,” त्या म्हणाल्या. “हयगय झाली नाही, एवढेच मला ठाऊक आहे.”

परदेशी राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांत आज मुले मांजर-कुत्र्याचा हट्ट धरतात. शाळेतील मित्रांकडे प्राणी असतात, बाहेर थंडी-पाऊस असतो, घरी भावंड एकच किंवा तेही नाही. अशा घरांना या कुटुंबाच्या अनुभवातून दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता येतील. हौसेसाठी, जातिवंत म्हणून, पैसे मोजून पिल्लू विकत आणणे ही एक गोष्ट. त्या पैशावर आणखी पिल्ले जन्माला घातली जातात, आणि जो प्रश्न आपल्या दाराशी नव्हता तो आपण मुद्दाम ओढवून घेतो. दाराशी येऊन पडलेला जीव ही दुसरी गोष्ट. पहिल्या वेळी ‘नाही’ म्हणणे हा श्रावकाचा विवेक आहे. दुसऱ्या वेळी ‘नाही’ म्हणण्यापूर्वी त्या जिवाची पुढची सोय आपल्या डोळ्यांनी पाहावी लागते. ती सोय आश्रयगृहाची असो, शेजाऱ्याची असो की आपल्या घराची. तिची किंमत कोणीतरी देतच असते. आणि घरी ठेवायचे ठरले, तर त्याला त्याच्या देहधर्माप्रमाणे ठेवावे. व्रत माणूस घेतो. मांजराला प्रत्याख्यान देता येत नाही.

उन्हाळा गेला, पर्युषण आले. मेघा आता अकरा महिन्यांची झाली होती. वैद्यांनी सांगितलेल्या तपासणीला अजून महिना होता. त्या तपासणीतून काय निघेल, ते कोणालाच माहीत नव्हते. बांच्या ताटात तूप अजून आलेले नव्हते.

संवत्सरीच्या संध्याकाळी विल्राइकच्या संगमरवरी जिनमंदिराच्या आवारात नेहमीप्रमाणे प्रतिक्रमणासाठी बायामाणसे दाटीने बसली. अतिचारांचे वाचन सुरू झाले. एकेक व्रत, एकेक दोष. सातव्या व्रतापाशी पंधरा कर्मादानांची नावे ओळीने येऊ लागली. बांनी हे शब्द साठ वर्षे ऐकले होते. आजवर ते इतर शब्दांबरोबर वाहत पुढे जात असत. त्या संध्याकाळी असतीपोषणाचा शब्द आला तेव्हा शेजारी बसलेल्या नातीने आजीकडे पाहिले. बांचे हात जोडलेले होते आणि डोळे मिटलेले होते. सभेच्या एकत्रित आवाजात त्यांनी मिच्छामि दुक्कडं म्हटले, आणि मग सगळे पुढच्या व्रताकडे वळल्यावर, एकटीनेच, हलक्या आवाजात, ते पुन्हा एकदा म्हटले.

घरी परतल्यावर धुण्याच्या खोलीतला दिवा त्यांनी स्वतः लावला. मेघा तेथे आपल्या गळपट्ट्यावर झोपली होती. तिची ताटली रिकामी होती. बांनी सुनेला हाक मारून तेवढे सांगितले.